हीटर तापेपर्यंत

दाजी, तुमच्या तेराव्याला जेवून उठलेल्या प्रत्येकाने हात पुसता पुसता मला एकच विचारलं, "आता गाडीचं काय करणार?" अक्काचं काय, असं विचारायचा धीर कुणाला झाला नसावा, म्हणून गाडीवर भागवलं असेल. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. एकाला म्हटलं, विकणार. दुसऱ्याला म्हटलं, ठेवणार. तुमच्या कारखान्यातले एक गृहस्थ फारच मागे लागले, त्यांना म्हटलं, जाळणार आहे. ते पान न खाताच निघून गेले. तुम्ही असतात तर मला बाजूला घेऊन म्हणाला असतात, "वकीलसाहेब, पाहुणा आहे. उलटतपासणी कशाला?" तुम्ही नव्हतात, आणि मला बाजूला घ्यायला दुसरं कुणी आलं नाही.

आज सगळे पांगले. नवनगरच्या तुमच्या घरात आता अक्का आणि मी, दोघंच. अक्का आत उशांचे अभ्रे बदलतेय, कालच बदललेले. मी मागच्या पडवीत बसून हे लिहितोय. माझ्या शेजारी लाकडी घोडीवर अप्पांच्या गाडीचं जुनं इंजिन आहे, अंगावर अक्काचं विटलेलं इरकली पातळ पांघरून. ज्याच्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो, तेच हे. तुमच्याशी बोलायचं म्हणजे भांडायचं, दुसरी रीत मला कधी आलीच नाही. म्हणून आजही तिथूनच सुरुवात करतो.

मेहुणा म्हणून मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून छळलं. कराडकडचा जावई, धारवाडच्या वकिलाच्या, आमच्या अप्पांच्या घरात आलेला, हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. कानडीचा गंध नाही. पण बोलायची हौस दांडगी. मराठी शब्दाला 'री' लावला की कानडी झाली, हा तुमचा सिद्धांत. भाजीवालीला तुम्ही म्हणायचात, "ताजी कोडरी, कालची ब्याडरी." 'कोड' म्हणजे दे आणि 'ब्याड' म्हणजे नको, एवढी दोनच खरी कानडी नाणी तुमच्या खिशात, बाकी सगळी मराठी चिल्लर. अक्का पिशवी धरून बाजूला तोंड फिरवून हसायची. मी म्हणायचो, "दाजी, इतकी वर्षं झाली, एखादं वाक्य तरी सरळ शिका की." तुमचं उत्तर ठरलेलं. "तिनं ताजी भाजी दिली का नाही? मग झालं तर."

अक्का हसायची, असं लिहिलं खरं. पण मधली काही वर्षं ती हसत नव्हती, आणि गाडीची गोष्ट तिथूनच सुरू होते.

अप्पा गेले तेव्हा अक्का बोलायची थांबली. रडली नाही, आजारी पडली नाही. नुसती थांबली. विचारलं तर हो, नाही. जेवलीस का? हो. बरं नाही का? नाही. तुम्हाला मूलबाळ नव्हतं, घरात तुम्ही दोघं, त्यातलं एक मुकं. तुम्ही डॉक्टर केले, माझ्या नकळत एक देवस्थानही केलं. मग एक दिवस धारवाडला येऊन माझ्या ऑफिसात दारातच उभे राहून म्हणालात, "अरे शशी, बोलते की रे ती!" तुम्ही तिच्या शाळेच्या खिडकीबाहेर उभे राहून आला होतात. आत ती पोरांना कोल्ह्याची गोष्ट सांगत होती, आवाज काढून. शाळेत तेवढी तिची वाचा यायची. घरी येताना ती वाचा तिथंच खुंटीला अडकवून यायची बहुतेक.

आणि नेमकी तेव्हाच तिची बदली झाली. अळणावरच्या पुढं, जंगलाच्या कडेचं गाव, मराठी शाळा. संध्याकाळी परत यायला अळणावरहून पॅसेंजर होती. सकाळचं मात्र काही केल्या जुळेना. बस पोचायची तेव्हा शाळेत प्रार्थना होऊन गेलेली असायची. नोकरी सोडावी, नाहीतर गावात खोली घेऊन एकटीनं राहावं. सगळ्यांनी हेच दोन मार्ग सांगितले, त्यात मीही होतो. नोकरी सुटली तर तिचं बोलणं सुटणार. एकटी राहिली तर काय होईल, त्याचा विचार करायला मी तयार नव्हतो. तुम्ही दुपारच्या पाळीला जायचात, सकाळ मोकळी. तुम्ही म्हणालात, "तिसरा मार्ग आहे. तुमच्या कंपाउंडात उभा आहे. मांजरी व्यालीय त्याच्यात."

अप्पांची अँबॅसडर. साईच्या रंगाची. अप्पा गेल्यापासून ती धारवाडच्या घरासमोर जिथल्या तिथं उभी होती आणि खरंच मागच्या सीटवर मांजरीची पिलं होती. मला ती तशीच हवी होती. हात लावायचा नाही, हलवायची नाही. सकाळी कोर्टात जाताना तिच्या बोनेटवर एक थाप मारायची, एवढंच माझं तिच्याशी काम. तुम्ही म्हणालात, गाडी उभी राहिली की खलास. मी म्हटलं, हलली तर खलास. तुम्ही पिलं टोपलीत घातली, मांजरीला दूध दिलं, माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि गाडी ओढून नेलीत.

तशी ती चालत होती, पण पेट्रोल प्यायची नाही, ढोसायची. रोज अळणावरच्या पुढं जाऊन परत यायचं म्हणजे अक्काचा पगार टाकीत ओतण्यातलाच प्रकार. नवी गाडी घेणं आपल्या बापजन्मात शक्य नव्हतं. म्हणून तुम्ही ठरवलंत की गाडी तीच ठेवायची आणि आत डिझेल इंजिन बसवायचं, सेकंडहँड. एका टॅक्सीचं मिळालं. टॅक्सीला मागून कुणीतरी ठोकलं होतं, सांगाडा गेला, इंजिन शाबूत. गोकुळ रोडवर ईरण्णाचं गॅरेज. ईरण्णा तुमच्यापेक्षा लहान, कानडी आणि तेही पक्कं धारवाडी. त्याला मराठी येत नाही, तुम्हाला कानडी येत नाही, आणि तुम्ही दोघं तासन् तास एका बोनेटमध्ये डोकी घालून बोलत उभे. काय बोलत होतात ते देवाला ठाऊक.

मी आडवा आलो. माझा मुद्दा साधा होता आणि आजही आहे.

"दाजी, इंजिन काढलं तर ती अप्पांची गाडी राहते का?"

तुम्ही पाना फडक्याला पुसत विचारलंत, "अप्पा कुठं बसायचे? इंजिनात का सीटवर?"

"सीटवर."

"मग सीटला कुणी हात लावलाय का?"

कोर्टात मला असं गप्प करणारा प्रतिपक्षाचा वकील अजून भेटायचा आहे. मी घरी जाऊन उत्तर शोधत बसलो. खरं सांगू, अजून सापडलेलं नाही. सापडलं की तुमच्या तोंडावर फेकायचं, असं ठरवून ठेवलं होतं.

काम कसं केलंत ते मात्र बघण्यासारखं होतं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. डिझेल इंजिन जड, पुढची चाकं दबायला लागली, तिथं जुन्या टॅक्सीच्याच पट्ट्या आणि नट वापरून पुढचा भाग उचललात. रेडिएटर मोठा हवा, तो भंगारातून आणून दोन ठिकाणी डाग देऊन घेतलात. आवाज कमी करायला बोनेटच्या आतून गोणपाट. डॅशबोर्ड थरथरायला लागला तर त्याखाली अक्काच्या शाळेतले परीक्षेचे जुने पुठ्ठे कापून ठोकलेत. पण ब्रेकचं सामान सगळं कोरं आणलंत. त्यात घासाघीस नाही, जुनं नाही. मी हटकलं तर म्हणालात, "पळायला जुनं चालतं, थांबायला नवं लागतं." हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत कोण जाणे. मी पुढं ते दोन अशिलांना माझं म्हणून ऐकवलं आहे.

आणि मग तो फोन. आपल्या घराण्यात जोवर दोन माणसं एकत्र बसतील तोवर हा फोन सांगितला जाईल.

इंजिन बसवताना एक ब्रॅकेट आखूड पडला. लेथवर नवा करून घ्यायचा, तर लेथवाला जत्रेला गावी गेलेला. अक्काला नव्या शाळेत हजर व्हायचा दिवस तोंडावर आला होता. ईरण्णाने विचार केला, तोवर गाडी अडून नको, जुनंच इंजिन परत घालून देऊ, ब्रॅकेट आला की बदलू. विचारावं म्हणून त्याने तुमच्या स्टोअरमध्ये फोन लावला. मागं तुमच्या कारखान्यातले प्रेस धडधडतायत. तो कानडीत म्हणाला, "सायबर, हळे इंजिन हाकलेनरी?"

हळे म्हणजे जुनं. हाक म्हणजे घाल, बसव. साहेब, जुनं इंजिन घालू का, असं तो विचारत होता.

तुम्ही कराडचे. तुमच्या कानात शिरलं ते 'हळू' आणि 'हाक'. तुम्हाला वाटलं, काम झालं, पोरगा गाडी घेऊन निघालाय आणि नवं इंजिन हळू हाकू का, असं विचारतोय. किती जबाबदार माणूस! तुम्ही ओरडलात, "हो हो, हळू हाका! हळूच हाका, घाई ब्याडरी!"

शनिवारी आपण सगळे गेलो. तुम्ही झेंडूचा हार, नारळ आणि लाइन बाजारातले पेढे घेतले होते. अक्काला पुढं उभं केलं होतंत. ईरण्णाने बोनेट उघडलं आणि आत अप्पांचं जुनं इंजिन, धुऊन पुसून, लग्नघरच्या म्हाताऱ्यासारखं बसलेलं. टॅक्सीचं इंजिन बाजूला गोणपाटावर.

तुमचा चेहरा! तुम्ही एकदा आत बघताय, एकदा गोणपाटाकडे. "ईरण्णा, हे काय री?"

ईरण्णा गोंधळला. "नीव हेळीरलरी, हळे हाकरी अंत!" म्हणजे, तुम्हीच सांगितलंत ना, जुनं घाला म्हणून!

मला कळायला एक क्षण लागला. मग मी एका टायरवर बसलो आणि हसलो. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ईरण्णाला कानडीत समजावत होतो आणि मधेच हसू फुटत होतं. मग तोही हसला. मी ओरडलो, "दाजी, अप्पा परत आले! तुमच्या कानडीने आणले!" तुम्ही हार हातात घेऊन उभे. मग तो अप्पांच्याच इंजिनाला घातलात, नारळ फोडलात आणि पेढा आधी मला दिलात. मला वाटलं होतं, तुम्ही चिडाल. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, विचित्र नजरेने, बराच वेळ.

पुढच्या आठवड्यात लेथवाला आला, ब्रॅकेट आला, डिझेल बसलं. जुनं इंजिन तुम्ही भंगारात न देता हातगाडीवर घालून नवनगरला आणलंत. मी म्हटलं, चला, निदान लाज आहे. आणि तिथंच जाहीर केलं की या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला मी या जन्मी हात लावणार नाही. लावला नाही.

मागच्या सीटवर मात्र बसलो. नवनगरला मुक्काम केला की सकाळी तुम्ही अक्काला घेऊन निघायचात, मला वाटेत धारवाडला सोडायचात. त्या डिझेलची एक खोड होती. चावी लगेच फिरवून चालायचं नाही. आधी अर्धी फिरवायची, हीटर तापू द्यायचा, डॅशबोर्डवरची तार लाल होईपर्यंत थांबायचं, मग पुरी फिरवायची. थंडीत जास्तच थांबावं लागे. त्या थांबण्यात तुम्ही अक्काला विचारायचात.

"डबा?"

"घेतला."

"चष्मा?"

"घेतला."

"किल्ली?"

"घेतली."

मग तार लाल, चावी, आणि खडखडाट. रोज तेच. मी मागून वैतागायचो. "दाजी, बाई शिक्षिका आहे, कुक्कुबाळ नव्हे. रोज काय विचारायचं? आणि अप्पांच्या इंजिनाला असं थांबावं लागत नव्हतं. चावी फिरवली की निघाली." तुम्ही आरशातून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तेच तर. तुमच्या पेट्रोलमध्ये ही सोय कुठाय?"

मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखी बाजू लढवताय. दाजी, किती मठ्ठ असावं माणसानं? तिच्याकडून सकाळी तीन शब्द काढून घ्यायला तुम्हाला तेवढी फट पुरत होती. पहिल्या वर्षी तीनच शब्द. मग एका दिवशी ती म्हणाली, "घेतला, पण लोणचं राहिलं." तुम्ही चावी तशीच अर्धी ठेवून घरात पळालात आणि लोणच्याची अख्खी बरणी घेऊन आलात. मी तुम्हाला हसलो.  हळूहळू ती धारवाड येईपर्यंत बोलायला लागली, मग अळणावरपर्यंत. कोल्ह्याची गोष्ट गाडीत आली. शेवटी शेवटी तर तीच तुम्हाला गप्प करायची, "समोर बघा की, बोलतायत काय!"

ईरण्णा दर अवसेला यायचा. गाडीखाली लिंबू ठेवायचं, नारळ ओवाळायचा, इकडच्या सगळ्या गाडीवाल्यांची रीत. तुमची रीत त्यापुढची. पूजा झाली की पडवीत यायचं, इरकली पातळ बाजूला करायचं, अप्पांच्या इंजिनाचे प्लग काढून आत थोडं थोडं तेल सोडायचं आणि हँडल लावून ते हाताने फिरवायचं. पडून राहिलेलं इंजिन आतून धरतं, एकदा धरलं की संपलं. तुम्ही ते धरू दिलं नाहीत. मी विचारायचो, "मग बसवा की परत! अक्काला आता जवळची शाळा मिळेल." तुम्ही म्हणायचात, "बसवू. ती रिटायर झाली की बसवू. मग घाई कुठंय कुणाला." मी म्हणायचो, तोवर मी मरेन. तुम्ही म्हणायचात, "बघू कोण आधी." असली पैज माणसाने लावू नये.

दवाखान्यात तुम्हाला बघायला येणारा प्रत्येकजण तोच विनोद करायचा. हृदयाचं दुखणं आणि तुमचा नाद, जोडायला कितीसा वेळ लागतो? "काय, इंजिनाचं काम निघालं म्हणे!" चौथ्या माणसाला तुम्ही म्हणालात, "अहो, इंजिनाचं असतं तर ईरण्णाकडे गेलो नसतो का?" आणि तो गेल्यावर मला म्हणालात, "शशी, तू असलं बोललास तर सलाइनची बाटली फेकून मारीन." मी बोललो नाही. मला भीती वाटत होती, दाजी. भीती वाटली की मी भांडण उकरतो, तुम्हाला माहीत आहे. म्हणून म्हटलं, "लवकर उठा. यंदा अप्पांचं इंजिन बसवायचंच. तुमचा ट्रॅक्टर बास झाला."

तुम्ही डोळे मिटून हसलात. "ती रिटायर झाली की. तोपर्यंत..."

नर्स आली, मला बाहेर काढलं. वेळ संपली, म्हणाली. मी जिन्यावरून उतरताना मनात तुमचं वाक्य पुरं करत होतो, तोपर्यंत तुम्ही गप्प बसा, वकीलसाहेब, असंच काहीतरी असणार. उद्या विचारू म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. अग्नी मी दिला. तुमचं वाक्य तसंच राहिलं.

तेराव्याची भांडी आवरताना अक्काने पडवीतल्या इंजिनाकडे बघून मला सांगितलं, "तुझ्यासाठी ठेवलंय रे ते."

"माझ्यासाठी कशाला? मी मागितलं म्हणून?"

"नाही. त्या दिवशी गॅरेजात तू हसलास ना, टायरवर बसून. अप्पा गेल्यावर तू पहिल्यांदा हसला होतास. मी बोलत नव्हते ते सगळ्यांना दिसलं. तू नुसता भांडत होतास, ते कुणाला दिसलं नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, शशी हसला, हे इंजिन मोडीत घालायचं नाही."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. नळ चालू होता, तो तसाच राहिला. मला वाटत होतं, तुम्ही दुःख वागवताय ते माझ्या बहिणीचं. दुसरं दुःख पडवीत घोडीवर ठेवून दर अवसेला त्याला तेल घालत होतात, आणि मी शेजारी उभा राहून तुम्हालाच टोमणे मारत होतो. तुमचे आभार मानायला हवे होते. एकदाही मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती, असं म्हणून सुटका करून घेता येईल, पण मला आज सुटका नको आहे. दाजी, तुम्ही माझ्या बहिणीला परत आणलंत, आणि मलाही. हे तुम्ही जिवंत असताना म्हणायचं होतं.

हे लिहून थांबलो होतो, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. ईरण्णा. मी विसरलो होतो, आज अवस. हातात लिंबं आणि नारळ. त्याने गाडीखाली लिंबं ठेवली, ओवाळलं, नारळ फोडला. मग सवयीने पडवीत आला आणि इरकली पातळाला हात लावून थांबला. मीच पातळ काढलं. त्याने प्लग काढले, तेल घातलं, हँडल माझ्या हातात दिलं. मला वाटलं होतं, जोर लावावा लागेल. नाही लागला. मऊसूत फिरलं. गेल्या अवसेला तुम्ही दवाखान्यात जायच्या आधी, दम लागत असताना, फिरवून गेला होतात. त्या हँडलला तुमच्या हाताची जागा गुळगुळीत झाली आहे. तिथं हात ठेवून मी रडलो, दाजी. ईरण्णा भिंतीकडे तोंड करून प्लग पुसत राहिला.

मग त्याने विचारलं. त्याने माझी इतक्या वर्षांची कटकट ऐकलेली. आता मालक मीच, असं त्याला वाटलं असणार, आणि दुखऱ्या माणसाला काहीतरी द्यावं म्हणूनही विचारलं असेल. तो हळूच म्हणाला, "वकीलर, हळे इंजिन हाकलेनरी?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. अक्का ऐकत होती. उद्यापासून तिला शाळेत हजर व्हायचं आहे, रजा संपली. रिटायर व्हायला अजून वर्षं आहेत. पुन्हा जाता जाता सगळ्यांचे तिला तेच दोन मार्ग सांगून झालेत, नोकरी सोड नाहीतर गावात खोली घे. तेराव्याची भांडी आवरून झाल्यापासून ती पुन्हा हो आणि नाही एवढंच बोलायला लागली आहे, आणि मला त्याचीच भीती आहे, दुसरी कशाची नाही.

मला 'ब्याड ईरण्णा' म्हणायचं होतं. चांगलं, शुद्ध, धारवाडी कानडी. तोंडातून निघालं ते तुमचं.

"हळू हाकतो, ईरण्णा."

त्याने बाहेर उभ्या गाडीकडे बघितलं. मग त्याला कळलं. ह्या खेपेला बरोबर कळलं. त्याने इरकली पातळ इंजिनावर नीट पांघरलं, कडा खोचल्या आणि बाहेर जाऊन आधीच स्वच्छ असलेलं बोनेट पुसायला लागला.

ते काल. आज सकाळचं सांगायचं राहिलं आहे.

कोर्टात मी सकाळच्या तारखा घेणं बंद करणार आहे. अशील ओरडतील, ओरडू देत. उजाडताना मी तुमच्या जागेवर बसलो. सीट माझ्या उंचीला पुढं ओढावी लागते, मी ओढली नाही, टोकावर बसलो. अक्का आली. खांद्याला पिशवी, केस ओले. दार उघडून तिच्या जागी बसली आणि समोर बघत राहिली. मी चावी अर्धी फिरवली.

तार लाल व्हायला वेळ लागतो. मला माहीत होतं काय विचारायचं असतं. इतक्या वर्षांत मागच्या सीटवरून शंभरदा ऐकलेलं, पाठ असलेलं. पण आवाजच फुटेना, दाजी. कोर्टात बोलून पोट भरणारा माणूस मी, तोंड उघडलं आणि नुसता वारा.  तार काळीच होती. मला वाटलं, संपलं, आता ही आयुष्यभर अशीच समोर बघत बसणार.

"घेतला," अक्का म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. काचेतून पुढं, मोकळ्या रस्त्याकडे बघून बोलत होती.

"चष्मा पण घेतला. किल्ली घेतली." मग थोडं थांबून, "लोणचं पण घेतलंय हो."

तार लाल झाली होती. मी चावी पुरी फिरवली.